अक्कलदाढ काढून घरी आल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलदाढ निघते तासाभरात. जखम भरायला मात्र आठवडे लागतात, आणि तो सगळा काळ पेशंट घरीच असतो. खुर्चीतून उठताना मी सगळ्या सूचना सांगते, कागदही देते. पण त्या वेळी तोंडात कापूस असतो, ओठ जड झालेला असतो आणि कधी एकदा घरी जातोय असं झालेलं असतं. त्यामुळे संध्याकाळी फोन येतात आणि ते यायलाच हवेत. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे पेशंटच्याच शब्दांत ठेवले आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील. दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खड्डा राहतो. तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी त्या उघड्या हाडावरचं झाकण असते. तिच्या आधाराने आधी नवं मांस आणि मग नवं हाड तयार होतं. थुंकू नका, स्ट्रॉ लावू नका, विडी-सिगारेट ओढू नका, हे जे आम्ही जीव तोडून सांगतो ते या गुठळीसाठी.

कापूस किती वेळ दाबून धरायचा?

पाऊण ते एक तास, घट्ट चावून. तेवढा वेळ बोलायचं नाही, फोनवरही नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती दर पाच मिनिटांनी कापूस काढून ‘थांबलं का’ बघण्यात. जमत आलेलं रक्त प्रत्येक वेळी कापसाबरोबर निघून येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तासाने हळूच काढा. चिकटला असेल तर थोडं पाणी लावून ओला करा, ओढू नका. त्यानंतर रक्त थांबलं असेल तर नवा कापूस उगीच ठेवायची गरज नाही. कापूस तोंडात ठेवून झोपू मात्र नका.

रात्रीचे अकरा वाजले, अजून रक्त येतंय. काय करू?

पहिले २४ तास लाळ गुलाबी दिसणं, सकाळी उशीवर लालसर डाग दिसणं हे अपेक्षितच असतं. रक्ताचा एक थेंब चमचाभर लाळेत मिसळला की सगळं तोंड रक्ताने भरल्यासारखं वाटतं. खरा रक्तस्राव वेगळा दिसतो. त्यात दर मिनिट-दोन मिनिटांनी तोंड गडद लाल रक्ताने भरतं, किंवा जखमेतून यकृताच्या तुकड्यासारखी मोठी, लोंबणारी गाठ बाहेर येते.

तसं असेल तर आडवे पडू नका, ताठ बसा. बाहेर आलेली गाठ ओल्या गॉजने हळूच पुसून घ्या. मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक गॉजची जाड घडी करा, थोडी ओली करा, बरोबर त्या खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा ते पाऊण तास चावून धरा. घडी बाजूच्या दातांवर राहिली तर दाब दातांवरच पडतो आणि जखम तशीच वाहत राहते. म्हणून आरशात बघून ठेवा. गॉज नसेल तर साध्या काळ्या चहाची टी-बॅग गरम पाण्यात भिजवून, पूर्ण गार करून, पिळून तशीच धरा. चहातल्या टॅनिनमुळे रक्त गोठायला मदत होते.

याच वेळी घरच्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. बीपीची रोजची गोळी आज चुकली का? दाढेच्या गडबडीत ती हमखास चुकते. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? ती आपल्या मनाने बंद करायची नाही, पण डॉक्टरांना फोनवर पहिल्या वाक्यात सांगायची. दोनदा नीट दाबूनही तोंड भरत असेल तर सकाळची वाट बघू नका.

थुंकायचं नाही, मग लाळ गिळायची का?

हो, गिळायची. थुंकताना आणि चूळ भरताना तोंडात जी ओढ तयार होते ती गुठळी उपटून काढते. पहिले २४ तास हे पाळा. गिळताना अगदीच कसंतरी होत असेल तर बेसिनवर वाकून लाळ आपोआप गळू द्या आणि रुमालाने टिपा.

ओठ आणि जीभ अजून जड आहे. कधी उतरेल?

खालच्या जबड्याचं इंजेक्शन साधारण ३ ते ५ तास राहतं. तोपर्यंत गरम काही घेऊ नका, भाजलेलं कळणार नाही. ओठ चावला जात नाही ना, तेही बघत राहा. वेदनाशामक गोळीची पहिली मात्रा मात्र बधिरपणा पूर्ण उतरायच्या आधीच घ्या. ठणका चढल्यावर तो उतरवायला वेळ लागतो.

दुखायचं थांबत नाही. आणखी एक गोळी घेतली तर चालेल?

घरातली कुठलीही गोळी उचलायच्या आधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅमबरोबर पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमही असतं. वर तापाची म्हणून क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं, आणि घेणाऱ्याला ते माहीतही नसतं. निरोगी मोठ्या माणसाला २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर मर्यादा त्याहून खाली येते.

आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी दाढेच्या दुखण्यावर चांगली चालते. पण अल्सर, किडनीचा आजार, औषधाने उठणारा दमा, गरोदरपण, किंवा डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेनच्या जातीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दुखण्यासाठी ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त जास्त वाहतं. गोळी नेहमी काहीतरी खाऊन घ्या, अर्धी वाटी दहीभात पुरे.

पहिले दोन-तीन दिवस दुखणं स्वाभाविक आहे. ते रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं तर खालचा ड्राय सॉकेटचा प्रश्न वाचा.

अँटिबायोटिक लिहून दिलंय. बरं वाटलं की थांबवू?

लिहून दिलेले दिवस पूर्ण करा. प्रत्येकाला ते लागतंच असंही नाही, म्हणून शेजाऱ्याला दिलं होतं आणि मला नाही दिलं, याची काळजी करू नका. मेट्रोनिडाझोल असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते, ती कोर्स संपल्यावर जाते. त्याच्यासोबत दारू अजिबात नको, कोर्स संपल्यावरही तीन दिवस नको. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम हे औषध वाढवतं, तेव्हा ती गोळी चालू असेल तर आधी सांगा.

काल बरं होतं, आज तिसऱ्या दिवशी गाल टम्म सुजलाय!

घाबरू नका. सूज दाढ काढल्या दिवशी कमी असते, ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त होते आणि मग उतरायला लागते. आडव्या दाढेसाठी हाड घासावं लागलं असेल तर ती हमखास येते. पहिला दिवस बर्फ लावा: रुमालात गुंडाळून गालावर २० मिनिटं, मग २० मिनिटं विश्रांती. बर्फ थेट कातडीला लावू नका. दोन दिवसांनंतर बर्फाचा उपयोग राहत नाही, तेव्हा कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेका. पहिल्याच दिवशी आई किंवा आजी मायेने गरम शेक द्यायला येते. तिला दोन दिवस थांबवा, गरम शेकाने सूज आणि रक्त दोन्ही वाढतं. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा.

गालावर किंवा मानेपर्यंत हिरवट-पिवळा डाग उतरला तर तो आत साकळलेल्या रक्ताचा असतो. आठ-दहा दिवसांत आपोआप जातो.

तोंड एक बोटही उघडत नाही.

चावायच्या स्नायूंना मुकामार लागल्यासारखं होतं, त्यामुळे जबडा आखडतो. साधारणपणे आपली तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात. पहिल्या आठवड्यात एक-दीड बोट जाणंही कठीण होतं. तिसऱ्या दिवसापासून, गरम शेक दिल्यावर, दिवसातून चार-पाच वेळा हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम करा. ओढ जाणवेल इतपतच, कळ येईपर्यंत नाही. आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही किंवा उघडत होतं ते पुन्हा कमी व्हायला लागलं, तर दाखवून जा.

खायचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्याची उत्तरं भरपूर आहेत. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, न चावता गिळता येईल असं: ताक, दही, गार दूध, आईस्क्रीम (सुकामेव्याचे तुकडे नसलेलं), शिकरण, साबुदाण्याची खीर, गार केलेली नाचणीची आंबील, भाताची पेज. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मऊ भात, मेतकूट, तूप. आजारपणातलं हे जेवण या जखमेसाठीच केलं आहे की काय असं वाटावं इतकं योग्य आहे. मुगाची आसट खिचडी, वरणभात, बटाट्याचं भरीत, मऊ उपमा, अंड्याची नरम भुर्जी चालेल. चार-पाच दिवसांनी वरणात किंवा दुधात कुस्करलेली पोळी. दुसऱ्या बाजूने चावा.

टाळायचं ते बारीक, कडक आणि टोकदार. चिवडा, शेव, पापड, कडक भाकरी, शेंगदाणे हे लोकांच्या लक्षात येतं. फोडणीतली मोहरी मात्र विसरली जाते. ती, तीळ, खसखस आणि दाण्याचं कूट बरोबर त्या खड्ड्यात जाऊन बसतं. आठवडाभर घरात फोडणी नुसत्या हिंग-हळदीची करा. एकादशीचा उपास असेल तर दाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी सोडा आणि खीर घ्या. एक उपास पुढे ढकललात तरी चालेल, जखमेला ताकद लागते.

शहाळं उत्तम, पण पेल्यात ओतून प्या. स्ट्रॉने ओढताना थुंकण्यासारखीच ओढ बसते. निदान आठवडाभर स्ट्रॉ नको. चहा-कॉफी पहिल्या दिवशी नको, नंतर कोमट.

भात खाल्ला की पू होतो, असं घरातलं कोणीतरी सांगतंच. तसं होत नाही. दह्यानेही जखम चिघळत नाही. भाताचं शीत खड्ड्यात अडकलं तर दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने निघून जातं. काडीने किंवा टाचणीने कोरून काढू नका, ही कळकळीची विनंती.

चूळ कधी भरायची? ब्रश?

पहिले २४ तास काहीच नाही. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक खाण्यानंतर. खळखळून चूळ नको. पाणी तोंडात घ्या, मान हलकेच डावी-उजवीकडे करा आणि बेसिनवर तोंड उघडून पाणी पडू द्या. हे आठवडाभर करा.

दुसऱ्या दिवसापासून बाकीचे दात मऊ ब्रशने रोजच्यासारखे घासा, फक्त जखमेची जागा सोडून. दुखतंय म्हणून चार दिवस ब्रशच न करणारे बरेच असतात आणि मग तोंडाला येणाऱ्या वासाने घाबरून येतात. क्लोरहेक्सिडिनचं माऊथवॉश दिलं असेल तर पेस्टनंतर अर्ध्या तासाने वापरा. त्याने दातांवर तपकिरी डाग पडू शकतात. ते क्लिनिकमध्ये साफ करता येतात.

चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका मारतोय. हे ड्राय सॉकेट का?

बहुधा हो. गुठळी निघून गेली किंवा वेळेआधी विरघळली की हाड उघडं पडतं. गोष्ट नेहमी सारखीच असते: पहिले दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला दुखणं एकदम वाढतं, कान आणि कानशिलापर्यंत जातं, गोळीला दाद देत नाही, तोंडाला घाण वास आणि वाईट चव येते. आरशात बघितलं तर खड्डा रिकामा किंवा राखाडी दिसतो. ताप आणि पू बहुतेक वेळा नसतो. खालच्या आडव्या दाढांमध्ये हे जास्त होतं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्येही प्रमाण अधिक दिसतं. तेव्हा त्या गोळ्यांबद्दल दाढ काढायच्या आधीच, न लाजता सांगा. ती माहिती आमच्या उपयोगाची असते.

यावर घरी बसून गोळ्या वाढवत जाणं हा उपाय नाही. क्लिनिकमध्ये खड्डा सलाईनने हलकेच धुतात आणि औषधाची पट्टी भरतात. तासाभरात पेशंटचा चेहरा बदललेला दिसतो. पट्टी गरजेप्रमाणे एक-दोन दिवसांनी बदलतात आणि आठवडा-दहा दिवसांत ही अवस्था संपते. काळजी घेऊनही ड्राय सॉकेट होऊ शकतं. ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून रागावून घेण्याच्या भीतीने येणं लांबवू नका. रविवारचं सगळं दुखणं सोसून सोमवारी आलेली माणसं बघून वाईट वाटतं.

खड्ड्यात पांढरट काहीतरी दिसतंय. पू आहे?

बहुतेक वेळा नाही. गुडघा खरचटल्यावर बाहेर खपली धरते, तोंडात ओलसरपणामुळे तीच पांढरट-पिवळसर, मऊ दिसते. ती खरवडू नका. पू असेल तर सोबत वाढती सूज, वाढतं दुखणं, खारट-घाण चव, ताप यांपैकी काहीतरी असतंच.

घरगुती उपाय म्हणून लवंगेचं तेल लावू का? हळद भरू का?

ताज्या जखमेत नको. निखळ लवंगतेलाने हिरडी भाजते, आणि कापूस आत कोंबताना गुठळी निघते. ड्राय सॉकेटच्या पट्टीत लवंगेतलंच युजेनॉल असतं, पण मोजून, योग्य जागी. हळदीची पूड खड्ड्यात भरली तर ती आत कचऱ्यासारखी साचते. कोमट हळदीचं दूध प्यायला माझी काहीच हरकत नाही.

मिश्री लावल्याशिवाय माझी सकाळ होत नाही...

मला माहीत आहे, आणि हा प्रश्न विचारायला बायका संकोचतात हेही माहीत आहे. तरीही मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, विडी, सिगारेट यातलं काहीही निदान आठवडाभर नको, आणि दोन आठवडे जमलं तर फार चांगलं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. झुरका ओढताना गुठळीला ओढ बसते. मिश्रीचे कण खड्ड्यात जातात आणि ती चोळणारं बोटही. चुन्याने ताजी हिरडी भाजते. आठवडा सुटलाच आहे तर तो पुढे तसाच चालू ठेवा, त्यासाठी लागेल ती मदत आम्ही करू.

वरची दाढ काढली की डोळ्यांना कमी दिसतं ना?

नाही. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. दृष्टीची जोडी दुसरी, दातांची पाचवी. दोन्हींची वाट वेगळी आहे. पूर्वी चाळिशीच्या पुढे दात पडायचे आणि त्याच वयात चष्माही लागायचा, म्हणून तर त्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. दोन्ही एकाच वेळी आलं आणि लोकांनी एकाचं खापर दुसऱ्यावर फोडलं, असं मला वाटतं. या भीतीने किडलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवणारे लोक आजही येतात.

दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ बधिर आहे.

इंजेक्शनचा परिणाम एवढा टिकत नाही, तेव्हा लगेच कळवा. खालच्या दाढेची मुळं कधी कधी ओठ-हनुवटीच्या नसेला अगदी खेटून असतात, आणि काढताना ती नस दुखावू शकते. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. मुंग्या आल्यासारखं वाटणं हे परतीचं चांगलं लक्षण आहे. क्वचित ती कायमची कमी राहते. म्हणूनच पहिल्या दिवसापासून नोंद आणि तपासणी हवी.

पाणी प्यायलो तर नाकात येतंय.

वरच्या दाढेच्या वर सायनसची पोकळी असते, दोघांमधलं हाड पातळ असतं. तिथे वाट झाली असेल तर असं होतं. त्याच दिवशी कळवा. तोवर नाक शिंकरू नका, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती बंद. फुगे फुगवणं, बासरी-सनईही नको.

कामावर कधी जाऊ? जिम?

बसून काम असेल तर दोन-तीन दिवसांनी. ओझं उचलणं, धावणं, जिम, शीर्षासन, पोहणं आठवडाभर नको.

मला मधुमेह आहे. जेवण कमी झालंय, गोळ्या-इन्सुलिन तसंच घेऊ?

हा प्रश्न आवर्जून विचारा, आणि तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाच विचारा. खाणं अर्धं आणि औषध पूर्ण असं झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घरी मशीन असेल तर हे तीन-चार दिवस जास्त वेळा तपासा. घाम, थरथर, भोवळ वाटली तर दुखण्यावर सोडून देऊ नका, आधी साखर-पाणी घ्या. पहिल्या दिवशी साखर घातलेलं सरबत हाताशी ठेवा.

कधी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं?

श्वास घ्यायला त्रास होत असेल, थुंकीही गिळता येत नसेल, जिभेखालचा भाग किंवा हनुवटीखालचा गळा सुजून कडक झाला असेल, आवाज बदलला असेल, तर दातांच्या दवाखान्याच्या वेळा बघत बसू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा, रात्री दोन वाजता असलं तरी. हा संसर्ग गळ्याकडे उतरतोय याची ती खूण असते आणि तिथे तास मोजावे लागतात. गोळी घेतल्यावर अंगावर गांध्या येऊन ओठ-डोळे सुजले, तरीही तसंच करा. १०१ अंशांच्या वर ताप, तीन दिवसांनंतरही वाढती सूज, न थांबणाऱ्या उलट्या यांसाठी त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

टाके कधी काढायचे, आणि हा खड्डा कधी भरणार?

रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, त्याला मिनिटभर लागतं. विरघळणारे आपोआप सुटतात. जेवताना दोरा तोंडात आला तर घाबरायचं कारण नाही. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आत हाड भरायला काही महिने. मधेच हिरडीतून तांदळाच्या कणीएवढा हाडाचा टोचणारा तुकडा वर आला तर तो सुटलेला हाडाचा कण असतो. बरेचदा स्वतःच निघतो, टोचत राहिला तर आम्ही काढतो.

खालचा खड्डा मिटेपर्यंत त्यात अन्न अडकत राहतं, आणि मिठाच्या पाण्याने ते दर वेळी पूर्ण निघतंच असं नाही. त्यासाठी पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्यावर, वाकड्या टोकाची बिनसुईची सिरिंज मिळते ती वापरा. कोमट मीठ-पाणी भरायचं, टोक खड्ड्याच्या तोंडाशी धरायचं, आत खुपसायचं नाही, आणि हळू दाबायचं. रात्रीच्या जेवणानंतर एकदा केलं तरी सकाळी तोंडाला वास येत नाही.